खारट कपाळ

२ जून

रोझिमचा पुढचा दात पडला. शेजारच्या बेक्तुर्दीच्या मेव्हण्यानं फावड्याचा दांडा फिरवला आणि माझा धाकटा भाऊ पाटाच्या चिखलात तोंडावर आपटला. उठला तो हसतच — तोंडभर रक्त, आणि हसतोय. मग त्यानं मेव्हण्याची मान धरून त्याला पाटाच्या लोखंडी दारावर असा काही घासला, की कान अर्धा लोंबायला लागला. साटिम मीराब, पाण्याच्या पाळ्या वाटणारा, सोडवायला आला आणि दोन्हीकडून मार खाऊन गेला. "मी कुणाच्याच बाजूचा नाही रे!" म्हणत होता. म्हणूनच दोन्हीकडून.

आमची पाळी संपली होती, मान्य. तरी मी पाटाचं दार बंद करू दिलं नाही. माझ्या जर्दाळूंच्या बुंध्याशी मीठ फुटलंय — पीठ सांडल्यासारखं पांढरं. आमच्या ख्वारेझ्मात मीठ दिसलं की पाणी सोडायचं, हे रांगतं पोर जाणतं. थंडी सरता सरता सगळा गाव शेतं तुडुंब भरतो, मीठ खाली रेटतो, मग पेरतो. मी तेच जूनमध्ये करतोय, एवढंच.

जन्म दुसऱ्यांचे पंप दुरुस्त करण्यात गेला. लोक मला एगाम नासोस म्हणतात, म्हणजे एगाम पंप. मला त्याचा राग नाही. जळक्या मोटरांना तार गुंडाळून गुंडाळून ही बाग उभी केली, शेवटी वर्कशॉपही तिच्यात घातलं. यंदा पहिल्यांदा फळ भरून आलंय. ते मिठाच्या घशात घालू?

५ जून

पानांच्या कडा जळाल्यात. कुणी काडी ओढून कडेकडेनं फिरवावी तशा. मधलं पान हिरवं, कड तपकिरी, हात लावला की चुरा.

बायको, झुमराद, चहा ओतता ओतता म्हणाली, "इंतिझोरचे बाबा, पाणी कमी पडतंय का जास्त?"

"तू चहा बघ," म्हटलं.

दुपारी पंपाशी होतो. मीराबची खोली तिथून हाकेवर. आत बेक्तुर्दीचा आवाज. माझे कान असे, की रस्त्यापलीकडच्या मोटरचं बेअरिंग कधी जाणार ते सांगतो. पंपाच्या घरघरीतूनही स्वच्छ ऐकू आलं — "त्याची बाग मरणार. लिहून ठेव."

रोझिमला सांगितलं. तो दात नसलेल्या जागेतून थुंकला. "विष घालतोय, आगा. आणखी काय?"

मलाही तेच वाटतं.

७ जून

पाणी वाढवलं. विष असलं तर तेही धुऊन जाईल.

९ जून

बेक्तुर्दी बांधावर आला. एकटाच. त्याचा कापूस माझ्या बागेला लागून, मध्ये फक्त बांध.

"एगाम-आगा, बंद कर आता. तुझं पाणी जमिनीखालून माझ्याकडे येतं नि मीठ वर घेऊन येतं. तुझंही त्यात भलं नाही."

"माझ्या भल्याची काळजी तुला कधीपासून?"

"जर्दाळू आहे तो. भात नाही."

"आणि तू बेक्तुर्दी आहेस. पीर नाही."

त्यानं एक जळकं पान तोडून बोटांत चुरलं. मग म्हणाला, "तुझं कपाळच खारट रे."

आमच्याकडे करंट्या माणसाला असं म्हणतात. त्याच्या कपाळी मीठ लिहिलंय, काही उगवायचं नाही. ज्यानं शून्यातून सगळं उगवलं त्याला हे ऐकवायचं? मी त्याची गचांडी धरली, त्यानं माझी. दोघं पिकल्या दाढीचे, गडगडत चारीत. मी वर होतो. त्याचं तोंड पाण्याखाली दाबून धरलं. जरा जास्तच वेळ धरलं. सुटला तेव्हा आधी खोकला आणि मग माझ्या अंगठ्याचा लचका काढला.

आजचं अक्षर वाकडं आहे ते त्यामुळे.

१० जून

आज हसायला मिळालं.

जेवणाच्या वेळी पाटावर कुणी नसतं. बेक्तुर्दीच्या पंपाची पेटी उघडली, तीन तारांतल्या दोन एकमेकींच्या जागी लावल्या, पेटी मिटली. बस्स. मोटर आता गोड चालते, गुणगुणते, पण उलटी. पंखा पाणी नुसतं घुसळतो, वर काही चढत नाही. कापूस तहानेनं मान टाकेल आणि हा पंपाला कान लावून बसेल. दुरुस्तीला बोलावणार कुणाला? आसपास मोटर समजणारा मीच.

अंगठा ठणकतोय, तरी हसतोय.

१३ जून

बेक्तुर्दीच्या माणसांनी माझा रबरी पाइप विळ्यानं उभा चिरला. मासा चिरतात तसा, तोंडापासून शेपटीपर्यंत. रोझिम आडवा गेला तर त्याला बांधावर पाडून लाथांनी तुडवला. बरगडी मोडली असणार. श्वास घेताना आत काहीतरी चरचरतं, मला खोलीच्या दारातून ऐकू येतं.

त्याच्या उशाशी बसून मी म्हटलं, "आता बागेत कुणी पाय ठेवला तर विचारत बसू नकोस. कपाळ फोड. खारट आहे का गोड, बघू तरी."

सगळे हसले. मीही. झुमराद हसली नाही. नान तोडता तोडता तिचा हात थांबला.

संध्याकाळपर्यंत नवा पाइप जोडला. पाणी चालू. बागेत आता घोट्यापर्यंत बुडतं. चिखल काळा पडलाय, कुजक्या अंड्यासारखा वास मारतो. विषाचाच वास, दुसरं काय!

१४ जून

इंतिझोर आली. माझी लेक उर्गेंचला एका प्रयोगशाळेत असते, झाडांच्या मुळांवर काम करते. तिला मुद्दाम बोलावून घेतलं.

चपला काढल्या, सलवार खोचली आणि सरळ चिखलात उतरली. हात घालून मूळ ओढलं. त्याची साल मोज्यासारखी सुटून तिच्या मुठीत राहिली.

"बाबा, हे काळं का?"

"ते तू सांगायचं. कुठलं विष तेवढं शोध, म्हणजे त्याला कोर्टात उभा करतो."

तिनं वास घेतला. मुळं बाटलीत भरली, पानं कागदात. "तोवर पाणी बंद ठेवा."

"आणि विष काय फुंकर मारून धुऊ?"

जेवायला अंडं भरलेले तुखुमबराक केले होते, तिच्या आवडीचे. एकच खाल्ला आणि गेली.

१६ जून

लिहून काढतो.

भर दुपार. कडक ऊन, गाव झोपलेला. मी ओसरीवर पडलो होतो. बागेतून आवाज आला — केटमनाचा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन, त्या कुदळीचं रुंद पातं ओल्या मातीत घुसतं आणि चिखल चपकन सुटतो. कुणीतरी माझा बांध फोडत होतं.

रोझिम माझ्या आधी उठला. मोडकी बरगडी घेऊन पळाला. मी पोचलो तेव्हा बेक्तुर्दी वाकून खणत होता, पाठ आमच्याकडे. रोझिमनं हाक मारली. बेक्तुर्दी वळला. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. रोझिमनं त्याच्याच हातातलं केटमन हिसकलं आणि घातलं. कपाळावर. मी म्हटलं होतं तिथंच.

बेअरिंग फुटल्यावर येतो तसा आवाज. कोरडा. एकदाच.

तो बसला. पडला नाही, बसला, पाहुणा बसतो तसा. मग कलंडला. डोक्याखाली मिठाचा पांढरा पापुद्रा होता. मिठावर रक्त फार झपाट्यानं काळं पडतं.

आणि फुटल्या बांधातून माझं पाणी धो धो चाललं होतं. हे लिहायला नको, पण इथं नाही तर कुठं लिहू? आम्ही आधी बांध बुजवला. दोघांनी मिळून, हातांनी, ओंजळीओंजळीनं चिखल थापला. पाणी थांबलं. मग माणूस उचलला.

१७ जून

रोझिमला ठाण्यावर नेला. बेक्तुर्दी उर्गेंचच्या दवाखान्यात. शुद्ध नाही.

१८ जून

बागेत पाणी चालूच ठेवलं. दुसरं काय करावं कळेना.

बेक्तुर्दीची बायको अनाजान दारात आली. बायका घेऊन येईल, ऊर बडवील असं वाटलं होतं. एकटी आली. डोळे कोरडे. हातात त्याची टोपी, रक्तानं कडक झालेली. माझ्या पायाशी टाकली.

"ही धू," म्हणाली. "तुला धुवायचा नाद आहे ना. बघ हे निघतं का."

मी म्हटलं, "अनाजान, तो माझ्या बागेत शिरला होता."

"हो, शिरला होता. कशाला ते विचारलंत?"

"विचारायला सवड मिळाली नाही."

"पाणी अडवायला मिळाली." तिला कुणी सांगितलं? सगळा गाव जाणतो म्हणजे. "डॉक्टर म्हणतात, जगेल का मरेल सांगता येत नाही. मेला तर कबरीला तुझ्याच झाडाची फळी लागेल, एगाम. ती तरी सरळ निघू दे."

गेली. झुमरादनं टोपी उचलली आणि बादलीत टाकली. पाणी लाल झालं. बदललं, पुन्हा लाल.

२० जून

इंतिझोर आली. बसलीही नाही.

"विष नाही."

"नीट बघितलंस?"

"पानांत मीठ आहे. मीठच मीठ. आणि मुळं गुदमरलीत."

"मीठ आहे ना? मग मी काय वेगळं म्हणत होतो?"

"बाबा, मीठ तर पहिल्यापासून जमिनीत होतं. झाड ते बाहेर ठेवत होतं. आता त्याला ठेवता येईना. का, ते विचारा."

मी विचारलं नाही. तिनं सांगितलंच. ही पोरगी वर्कशॉपच्या फरशीवर वाढली, स्क्रू-नट खेळत. माझी भाषा तिला येते.

"पाणी उताराला आपोआप जातं. चढवायला काय लागतं?"

"मोटर."

"मोटरला?"

"वीज. मला शिकवतेस?"

"मुळाच्या एकेका पेशीचं हेच आहे."

तिनं सांगितलं ते समजलं तसं उतरवतो. पेशीबाहेर मीठ फार, आत थोडं. म्हणून मीठ आपोआप आत घुसतं, उताराच्या पाण्यासारखं, मिळेल त्या फटीतून खांदा घालून. त्याला बाहेर ढकलायचं म्हणजे चढावर ढकलायचं. त्यासाठी पेशीच्या कातडीत पंप बसवलेले असतात, दिसणार नाहीत इतके बारके. एक पंप जोर लावून आम्ल बाहेर फेकतो. बाहेर आम्लाची दाटी होते, ते परत आत यायला धडका देतं. त्याची वाट गोल फिरत्या दारातून. आम्लाचा कण आत घुसला की त्याच दाराच्या धक्क्यानं मिठाचा कण बाहेर. तरी जे मीठ आत उरतं त्याला ओढत नेऊन आतल्या कोठडीत कोंडायचं. आणि झाडाला हवा असलेला खुराक, तोही मातीत थोडाच असतो, असाच जोर लावून आत ओढायचा. हे चोवीस तास. जरा थांबलं की मीठ घर भरून टाकतं, मग पाण्याबरोबर चढत पानाच्या कडेला जातं आणि तिथं जाळतं.

"मारामारीच की ही," मी म्हटलं.

"मारामारीच. जन्मभराची. बाहेरून झाड गप्प उभं दिसतं."

"आणि वीज कुठून येते?"

"साखरेतून. पानं करतात, मुळं जाळतात. जाळायला हवा लागते. मुळांना हवा कुठली? मातीच्या कणाकणामध्ये असते तेवढीच. ती जागा तुम्ही पाण्यानं भरलीत. जूनभर वाफसा येऊ दिला नाहीत."

वाफसा. जास्तीचं पाणी उतरून जावं, माती ओली राहावी पण बोटं घातली तर मोकळी लागावी, ती वेळ. शेतकरी तिची वाट बघत बांधावर बसतो. मी उशिरा शेतात आलेला माणूस. वाट बघणं मला कधी जमलं नाही.

"सगळा गाव दर साली शेतं बुडवतो!" मी ओरडलो. "ते काय सगळे खुळे?"

"गाव रिकामी शेतं बुडवतो, बाबा. त्यात कुणी श्वास घेत नसतं."

मी म्हटलं, "मग माझी बाग मारली कुणी?"

"तुम्ही. पंप चांगले होते. त्यांची वीज तुम्ही तोडलीत."

माझा हात उठला. तिच्यावर कधी उठला नव्हता. ती जागची हलली नाही.

"मारा. एक कपाळ फोडून झालंच आहे."

हात वरच राहिला. खाली घेता येईना. झुमरादनं येऊन तो धरला आणि पिशवी उतरवावी तसा खाली उतरवला.

२१ जून

पहिल्यांदा पंप बंद केला. इतकी शांतता झाली की माझेच कान वाजायला लागले.

मग केटमन घेऊन निघालो. पाणी काढायचं तर सगळ्यांत सखल जागा शोधायला हवी. उतार मला नजरेनं कळतो, जन्मभराचा धंदा. बांधाच्या कडेकडेनं गेलो आणि थांबलो. सखल जागा तीच. आम्ही चिखल थापून बुजवलेली. माझ्या बोटांचे ठसे वाळून अजून तसेच आहेत.

पाणी चोरायला आलेला माणूस बांध आपल्या शेताच्या बाजूला फोडतो. हा फोडला होता पलीकडच्या अंगाला, निचऱ्याच्या चराकडे. तिथून एक थेंब त्याच्या कापसाला मिळाला नसता. चराच्या तोंडाशी लव्हाळ्यांची दाटी होती, तीही छाटलेली. पाणी अडू नये म्हणून. म्हणजे तो आधीही येऊन गेला होता.

मी त्याच जागी केटमन घातलं. काळं पाणी फुसफुसत चरात पडलं. मी बांधावर बसून राहिलो. साटिम मीराब चहाची किटली घेऊन आला, पलीकडे बसला.

मी विचारलं, "त्या दिवशी तुझ्या खोलीत तो म्हणाला होता, त्याची बाग मरणार. खरं ना?"

"म्हणाला होता."

"मी ऐकलं होतं."

"अर्धं ऐकलंस. तुझा पंप चालू होता. तो म्हणाला, 'हा एगाम झाडांना वाफसा येऊ देत नाही. कुणी तरी थांबवा त्याला, नाहीतर त्याची बाग मरणार. लिहून ठेव.'" पियाली माझ्यापुढे सरकवली. "घे. गार होतोय."

२२ जून

ठाण्यावर गेलो. सांगितलं, केटमन रोझिमनं घातलं, पण शब्द माझे होते. कपाळ फोड, असं मीच म्हटलं होतं. तपास करणारा अधिकारी तरुण आहे, घाम पुसत होता.

"शब्दांनी कवटी फुटत नाही, आका."

"ही फुटली."

"मग तुम्हालाही धरावं लागेल. लिहून देता?"

दिलं. आता गाव सोडून जायचं नाही म्हणाला. बेक्तुर्दी गेला तर कलम बदलेल, दोघांचंही. रोझिमला गजाआडून बघितलं. "जगतोय ना तो?" एवढंच विचारलं. बरगडी अजून चरचरते.

२४ जून

मातीत बोटं घातली. मोकळी लागली. वाफसा आला.

निम्मी झाडं गेलीत. उरलेल्यांचं काही सांगता येत नाही.

२७ जून

अनाजान दारात आली. मी उठून उभा राहिलो. टोपी धुवून वाळवून ठेवली होती, डाग राहिलाय. तिनं ती घेतली, बघितली, काखेत मारली.

"शुद्धीवर आलाय. उजवा हात उचलत नाही. बोलणं जड आहे, पण कळतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "डोळे उघडल्यावर पहिलं विचारलं — एगामच्या बागेतलं पाणी काढलं का?"

"काढलं," मी म्हटलं. "त्यानं जिथून काढलं होतं, तिथूनच."

"सांगते." फाटकापर्यंत गेली आणि थांबली. "दुसरंही विचारलंय. आमच्या पंपाच्या त्या दोन तारा सरळ करायला कधी येतोस?"